तीन हायड्रोजन

मी जन्माची संशयी. दूधवाल्याने माप घातलं तरी मी ते पुन्हा मोजून बघते, तिथे नववीच्या पोरींची काय कथा! म्हैसूरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत होते, तेव्हाची गोष्ट.

चाचणीत समीकरणं संतुलित करायला दिली होती. दोन चुलतबहिणींचे पेपर एकापाठोपाठ हातात आले आणि माझा संशय जागा झाला. अमोनियाच्या समीकरणात नायट्रोजन एक, हायड्रोजन तीन, अमोनिया दोन, असं अख्ख्या वर्गाने लिहिलेलं. या दोघींचं मात्र दोन, सहा, चार. दोन्ही बाजू जुळत होत्या, पण उगाच सगळं दुप्पट! पुढेही जिथे तीन यायला हवा तिथे सहा. बाकी उत्तरं सगळ्यांसारखी. दोघी वर्गाच्या दोन टोकांना बसलेल्या, म्हणजे चिठ्ठी फिरली. दुसरं काय?

दोघींना उभं केलं. "कुणी कुणाचं बघितलं? खरं सांगा, एकीचंच नाव हेडमास्तरांकडे जाईल. नाहीतर दोघींची वार्षिक परीक्षा गेली म्हणून समजा."

थोरली म्हणाली, "मी बघितलं, मिस."

कशी पकडली, म्हणून मी स्वतःवरच खूश. नाव त्याच दिवशी दिलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत थोरलीची आई बोगादीहून धावत आली. आमच्यासारखंच इथलं जुनं मराठी घर. मी पेपर पुढे केला. तिने त्या सहावर बोट ठेवलं.

"अय्यो मिस, हे माझंच काम! दोघी माझ्या ओट्यापाशी ताटलीत चिंचोके मांडून अभ्यास करतात. मी पोळ्या लाटत होते. ही म्हणते, तीन हायड्रोजन. मी म्हटलं, तीन नको ग मांडूस, सगळंच दुप्पट कर. पानात तीन पोळ्या वाढतात का कधी आपल्यात?"

आपल्यात! समोर माझाच डबा उघडा होता. त्यात चार पोळ्या. मला तीनच लागतात, चौथी रोज परत नेते. इतकी लाज वाटली की तो डबा मला झाकताही येईना.

तशीच उठले, हेडमास्तरांकडून नाव परत घेतलं आणि थोरलीला बोलावलं. "मग खोटं का बोललीस ग?"

ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना मिस, एकच नाव जाईल म्हणून. मग ती तरी परीक्षेला बसली असती."