वर्गात भरलेली चिनी सभा

जालन्यात एम.ए.ला असताना आम्हाला आधुनिक चीनचा पेपर होता. शिकवणारे सर रंगात आले की दोन हजार वर्षांची बादशाही एका तासात उडवायचे. वर सम्राट, खाली परीक्षा देऊन झालेले अधिकारी, त्यांच्या खाली जमीनदार आणि सगळ्यांच्या पायाखाली शेतकरी. मग बादशाही कोसळली, लष्करी सरदारांनी देश वाटून खाल्ला, क्रांती झाली आणि गावोगाव सभा भरल्या. जमीनदाराला मधे गुडघ्यावर बसवायचं, डोक्यावर कागदाची टोपी घालायची आणि त्याच्या शेतात राबलेल्यांनी पुढे येऊन आपापलं दुःख सांगायचं. कित्येक जमीनदार त्या सभांमधून जिवंत परतले नाहीत.

"आपण करून बघू," सर म्हणाले. त्यांना करून बघण्याची भारी हौस, भोगायला पोरं होतीच.

जमीनदार व्हायला माझ्याच गावचा एक वर्गमित्र हसत उठला. कुंभार पिंपळगावजवळच्या आमच्या गावात त्याच्या घरची काळीभोर जमीन, आणि त्या जमिनीत माझी आई कापूस वेचायची. वडील नव्हते. त्या वेचणीवरच आमची चूल पेटायची आणि माझं जालन्यातलं शिक्षण चालायचं. शेतकरी कोण होणार म्हणून सरांनी वर्गावर नजर फिरवली आणि बोट माझ्यावर थांबवलं. सगळ्यांची आडनावं पाठ असलेला माणूस, चुकणार कसा?

मी काय बोलायचं तेही सरांनी सांगितलं होतं: खंडानं केलेली शेती, जमीनदारानं नेलेलं धान्य. मी तसं सुरूही केलं, पोरं टाळ्या वाजवू लागली. पण तो गुडघ्यावर बसून, डोक्यावरची कागदाची टोपी सावरत फिदीफिदी हसत होता आणि माझं डोकं फिरलं.

"कापूस चोरला म्हणून तुझ्या बापानं माझ्या आईला सगळ्या बायकांपुढं कमरेची ओटी सोडून झाडायला लावली," मी ओरडले. "काय पडलं त्यातून? भाकरीचं फडकं!"

टाळ्या थांबल्या. त्याचं हसू गेलं, मान खाली गेली. मला फार बरं वाटलं. आजही आठवलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?

"छान, अगदी जिवंत अभिनय," सर घाईघाईनं म्हणाले आणि पुढचा चीन सांगू लागले. शेतकऱ्यांना वाटलेली जमीन सरकारनं थोड्याच वर्षांत सामुदायिक शेतीसाठी काढून घेतली, उपासमारीत माणसं किड्यामुंगीसारखी मेली, मग कारखाने आले, बाजार आला, पक्ष मात्र जागचा हलला नाही. मी सगळं लिहून घेतलं.

वर्गमित्रानं घरी सांगितलं. ऐन वेचणीत आईला निरोप आला, उद्यापासून शेतावर यायचं नाही. मी गावी पोचले तशी तिनं मला हाताला धरून मालकांच्या अंगणात नेलं. मालक खाटेवर बसलेले, पोरगा दारात मोबाईल बघत उभा.

"काय बोलली म्हणं तुही पोरगी कालेजात?" मालकांनी विचारलं.

"नाटक व्हतं, मालक. चीनमधलं," आई म्हणाली. "आपल्याकडं असं कधी झालंच न्हाई."

"तू सांग की, पोरी. झालं का न्हाई?"

मला फक्त नाही म्हणायचं होतं. जीभच उचलेना. आईनं थोडी वाट पाहिली आणि माझ्या कानाखाली वाजवली. मग दुसरी. मी खाली बसले तरी ती थांबेना. मारताना ती दर वेळी मालकांकडं बघत होती, पुरे झालं का म्हणून.

"राहू दे, बाई. लेकरू हाय," शेवटी मालकच म्हणाले. दयाळू माणूस! "सकाळच्याला ये बराबर. आन् हिलाबी आण वेचायला. कालेजाचं बघू मंग."

पोरानं मोबाईलमधून मान वर केली नाही.

घरी येताना आईनं माझा सुजलेला गाल चाचपला. "लई लागलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. तिथं न आलेला शब्द आता सहज आला.

"मंग जल्दी झोप," ती म्हणाली. "उशीर केलेला त्यांना चालत न्हाई."