पेत्राचा चार्ज कोणाकडे?

कारखान्यात माणूस बरीच वर्षं टिकला की त्याच्या घरात दोन गोष्टी साठतात, दिवाळीला मिळालेले स्टीलचे डबे आणि किस्से. डबे बायको भंगारवाल्याला देते. किस्से कोण घेणार? म्हणून मी दिसेल त्याला सांगत सुटतो. आमच्या सोनिवलीत आता टॉवर उभे राहिलेत. तिथल्या बाकावर मी बसलेला दिसलो की काही लोक लांबच्या गेटने घरी जातात म्हणे. जाऊ देत. तुम्ही सापडलात ना, बसा.

हे किस्से दोन माणसांचे आहेत. रॉबर्ट परेरा मूळचा वसईचा, कॅथलिक, राहायला अंबरनाथ पश्चिमेला. शमुवेल साळवे नगरकडचा, प्रोटेस्टंट, राहायला बुवापाड्यात. दोघंही अंबरनाथच्या एमआयडीसीत, आमच्या रंग बनवणाऱ्या कंपनीत ऑपरेटर. मी भोईर, त्यांचा सुपरवायझर. एकाची शिफ्ट सुटली की दुसऱ्याची लागायची, त्यामुळे भेट व्हायची ती फक्त चहापुरती. तर त्या चहासाठी येणारा अर्धा तास आधी यायचा आणि जाणारा अर्धा तास उशिरा जायचा. कशासाठी? भांडायला.

भांडण एकच. येशूचा शिष्य पेत्र, त्याला येशूने सगळ्या मंडळीचा, म्हणजे सगळ्या ख्रिस्ती लोकांचा, मुख्य नेमलं होतं का? आणि नेमलं असेल, तर आजचा पोप त्याच्याच खुर्चीवर बसलाय, हे शास्त्रात कुठे आहे? परेरा म्हणायचा, आहे. साळवे म्हणायचा, दाखव.

मी देवळात जाणारा माणूस, मला यातलं काय कळणार? पण पेत्र हा मासे पकडणारा होता हे कळलं, आणि आम्हा आगऱ्यांना तो एकदम घरचा वाटायला लागला.

*

सुरुवातीला नुसता कलकलाट होता. येशू पेत्राला खडक म्हणाला आणि त्या खडकावर मंडळी बांधायचं बोलला, एवढं दोघांना मान्य. परेरा म्हणायचा, खडक म्हणजे पेत्र. साळवे म्हणायचा, खडक म्हणजे पेत्राने बोलून दाखवलेला विश्वास. मग दोघंही एकाच वेळी बोलायचे आणि चहावर साय धरायची.

एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "प्लांटमध्ये चार्ज कसा देता रे?"

आमच्याकडे पद्धत अशी. जाणारा सांगतो, कुठला व्हॉल्व्ह उघडा आहे, कुठल्या रिअ‍ॅक्टरचं तापमान किती. येणाऱ्याने ते सगळं आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं. जाणारा "बरोबर" म्हणाला की चार्ज झाला. मान हलवलेली चालत नाही. पंपांच्या आवाजात न ऐकतासुद्धा माणूस मान हलवतो, आणि मग प्लांट हलतो.

म्हटलं, "इथेही तसंच. आधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडाने सांगायची. तो ‘बरोबर’ म्हणाला, तरच आपलं उत्तर. नाहीतर चहा प्या आणि गप निघा."

पुढचा आठवडाभर एकालाही उत्तर देता आलं नाही. सारखं "चूक", "चूक" चालू. इतकी वर्षं भांडत होते, आणि समोरचा नक्की काय म्हणतोय ते दोघांनाही माहीत नव्हतं.

*

उल्हासनगरचे एक सिंधी शेठ आमच्याकडे गॅस्केट आणि नट-बोल्ट घेऊन यायचे. वजनदार माणूस, खुर्चीत बसले की उठायचं नाव नाही. एकदा हे दोघं भांडत भांडत किल्ल्यांवर, म्हणजे चाव्यांवर, आले होते. स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या येशूने पेत्राला दिल्या, तो मुद्दा. शेठ बराच वेळ ऐकत होते.

परेराने विचारलं, "शेठ, तुम्ही सांगा. दुकानाच्या चाव्या ज्याच्याकडे, तोच मोठा की नाही?"

शेठ म्हणाले, "देखो भाई, मेरे दुकान की चाबी कन्हैया के पास है. मालिक तो मैं ही हूँ. लेकिन मैं घर से चिल्लाऊँगा तो शटर थोडी ना खुलेगा? शटर तो कन्हैया ही खोलेगा."

"मालक मालकच!" म्हणून साळवेने टाळी दिली. "शटर कन्हैयाच उघडणार!" म्हणून परेराने दिली.

शेठना दोन्हीकडून टाळ्या मिळाल्या. त्या दिवशी त्यांनी गॅस्केटचा रेट कमी केला. तो परत कधी कमी झाला नाही.

*

साळवेचा सगळ्यात पक्का मुद्दा वेगळाच होता. तो म्हणायचा, "बरं, पेत्राचं मी मान्य केलं. पण पेत्रानं पुढं चार्ज दिला हे कुठं लिहिलंय? कुणाला दिला? कुणी परत म्हणून दाखवला? कुणी ‘बरोबर’ म्हटलं?"

यावर परेराने डबा उचलला. घरी गेला. दुसऱ्या दिवशी आला तो हेल्मेट न काढताच बोलला.

"साळवे, किल्ल्या नुसत्या माणसाला देत नाहीत, कामाला देतात. बायबलच्या जुन्या करारात राजवाड्याच्या कारभाऱ्याची किल्ली एकाची काढून दुसऱ्याला दिली आहे की नाही? तुझी शिफ्ट संपली म्हणून आपण प्लांट बंद करतो का?"

साळवेने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पटलं नाही. पण भारी आहे रे."

मी आयुष्यात पुष्कळ भांडणं पाहिली. जमिनीची, पाण्याची, पंचायतीच्या तिकिटाची. समोरच्याचा वार अंगावर घेऊन "भारी आहे" म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

*

पौल म्हणून येशूचा आणखी एक मोठा प्रचारक, त्याने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं होतं, हा साळवेचा आवडता किस्सा. मुख्य असता तर असं कोणी सुनावलं असतं का, हा त्याचा सवाल.

एकदा काय झालं, बॅच उशिरा चालली होती. मॅनेजरसाहेब स्वतः प्लांटवर आले आणि परेराला म्हणाले, "स्टीम वाढव, तापमान लवकर चढव." परेरा म्हणाला, "नाही वाढवणार, सर. मटेरिअल उसळेल." सगळे हेल्पर बघतायत, मी बघतोय. साहेब लाल झाले. परेरा हात मागे बांधून उभा. शेवटी साहेबांनी गेजकडे पाहिलं, परेराकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं."

चहाला साळवे खुशीत. "परेरा, आज तू पौल झालास. मोठ्या माणसाला तोंडावर सुनावलंस."

"सुनावलं ना," परेरा म्हणाला. "मग? मॅनेजर बदलला का?"

साळवेने त्या दिवशी चहा अर्धा टाकला.

*

आता मेंढरं. हा परेराचा जीव की प्राण. येशूला पकडलं त्या रात्री पेत्राने तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. नंतर येशूने त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रेम आहे ना? आणि तीनदा म्हणाला, मग माझी मेंढरं सांभाळ. हे सांगताना परेराचा आवाज दरवेळी बदलायचा.

साळवे म्हणायचा, "सस्पेंड झालेल्या माणसाला परत कामावर घेतलं. प्रमोशन कुठं दिलं?"

"सस्पेंड झालेल्याच्या हातात अख्खा कळप दिला, हे प्रमोशन नाही तर काय?"

एकदा दोघं माझ्याकडे जेवायला आले होते, परेराच्या जुन्या व्हॅनमधून. सोनिवलीच्या रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आडवा आला. भातकापणी झाली की धनगर येतात आमच्याकडे, टॉवर झाले तरी येतात. व्हॅन थांबली, दोघं खाली उतरले, आणि समोर खरी मेंढरं बघून त्यांना जास्तच चेव आला. सांभाळ म्हणजे चारायचं की राज्य करायचं, यावर भर रस्त्यात जुंपली. कळप निघून गेला, धूळ बसली, यांचं चालूच.

धनगर परत आला. "पाव्हणं, भांडा निवांत. पण आमचं कोकरू तुमच्या गाडीखाली बसलंय, तेवढं द्या."

दोघं गुडघ्यांवर. इस्त्रीचे कपडे घातलेले. एक या बाजूने, एक त्या बाजूने. कोकरू मधोमध बसून दोघांकडे आळीपाळीने बघतंय. शेवटी साळवे गाडीखालून ओरडला, "परेरा, मेंढरं तुझ्याकडं सोपवलीत ना? मग ओढ की."

परेराने ओढलं. जेवताना दोघांच्या अंगाला लेंड्यांचा वास येत होता.

*

परेराच्या चर्चचा सण होता. मी आणि साळवे पाहुणे म्हणून मागच्या बाकावर. फादर तरुण होते, नवीनच आलेले. प्रवचनात पेत्राचा विषय निघाला आणि ते दोन वाक्यांत उरकून पुढे गेले.

साळवे अस्वस्थ. सारखी चुळबुळ. मला वाटलं, याला आता विरोध करायचा आहे, आज आपली इज्जत जाणार.

मिस्सा, म्हणजे त्यांची प्रार्थना, संपल्यावर तो सरळ फादरांकडे गेला. म्हणाला, "फादर, राग मानू नका. खडक सांगितलात, पण किल्ल्या राहिल्या. जुन्या करारातल्या कारभाऱ्याची किल्ली आधी सांगा, मग ही सांगा, म्हणजे पक्कं बसतं. आणि मेंढरं तर कधीच सोडू नका. शेवट मेंढरांवर करा."

फादर खूश झाले. "छान. तुम्ही कुठल्या पॅरिशचे, कुठल्या चर्चचे?"

"मी पोपला मानत नाही, फादर," साळवे म्हणाला. "पण आमच्या परेराची बाजू कुणी कच्ची मांडलेली मला चालत नाही."

*

रिटायर व्हायला थोडंच राहिलं होतं, तेव्हा परेराला अ‍ॅटॅक आला. हृदयाचा नाही, मेंदूचा. सकाळी नाश्त्याला बसलेला, तिथेच कलंडला. उल्हासनगरच्या हॉस्पिटलात जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्याला समजतं सगळं, पण शब्द बाहेर येत नाही. येईल, पण त्याने प्रयत्न केला पाहिजे. त्याच्या वतीने तुम्ही बोलू नका.

आणि परेरा प्रयत्नच करेना. घरी आणल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बोलायला शिकवणाऱ्या बाई यायच्या, त्यांच्यासमोर ओठ मिटून घ्यायचा. फिलोमिना वहिनी मला म्हणाल्या, "भोईरभाऊ, हा माणूस घरात असून घरात आवाज नाही. मला भीती वाटते. यांनी सोडून दिलंय."

साळवे रोज जायला लागला. पहिल्या दिवशी मी बरोबर होतो. तो खुर्ची ओढून पलंगाजवळ बसला आणि म्हणाला, "परेरा, तुझी बाजू सांगतो, ऐक." खडक सांगितला. किल्ल्या सांगितल्या, कारभाऱ्यापासून. शिफ्ट संपली म्हणून प्लांट बंद होत नाही, ते सांगितलं. शेवटी मेंढरं, तीनदा. इतकं सुंदर सांगितलं की पोपने स्वतः ऐकलं असतं तर चहा पाजला असता. मग विचारलं, "बरोबर?"

परेराने मान हलवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी.

साळवे म्हणाला, "मान चालत नाही, परेरा."

मला त्याचा असा राग आला! वहिनी म्हणाल्या, "अहो साळवेभाऊ, आजारी माणूस आहे. झालं ना, आता तुमचं उत्तर सांगा."

"कसं सांगू, वहिनी? चार्ज मिळाला नाही अजून." आणि उठून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. शिफ्ट करून, बुवापाड्यातून चालत. पोपला न मानणारा माणूस रोज बसून पोपची बाजू मांडायचा, "बरोबर?" विचारायचा, वाट बघायचा आणि आपलं एक अक्षर न बोलता घरी जायचा. महिना गेला, दुसरा लागला. मी त्याला म्हटलं, सोड आता. तो म्हणाला, "ऐकतो रे तो. डोळे बघ त्याचे."

एका रविवारी मी गेलो होतो. साळवेने नेहमीसारखी सुरुवात केली. खडक झाला. किल्ल्या झाल्या. प्लांट झाला. मग गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाला, "झालं. एवढीच तुझी बाजू. बरोबर?"

परेराने भिंतीकडची मान वळवली. साळवेकडे बघत राहिला. कपाळाला आठी पडली. ओठ हलायला लागले, मानेच्या शिरा फुगल्या, डावा हात चादर ओढायला लागला. मी पुढे सरकलो, तर साळवेने मला हाताने मागे ढकललं.

"चू..." परेरा म्हणाला. "चूक."

स्वयंपाकघरात वहिनींच्या हातातलं भांडं पडलं.

साळवे जागचा हलला नाही. अगदी प्लांटवर विचारतो तसं विचारलं, "काय चुकलं?"

किती वेळ गेला देव जाणे. परेरा घामाने भिजला होता.

"में... मेंढरं."

"हां," साळवे म्हणाला. "मेंढरं राहिली माझी."

वहिनी दारात रडत होत्या. मी पण रडत होतो, लाज कसली त्यात. परेरा रागाने लाल झाला होता आणि डावा हात साळवेसमोर नाचवत होता. साळवेने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बसून राहिला.

जिना उतरताना मला राहवलं नाही. म्हटलं, "साळवे, फादरना शिकवणारा तू. मेंढरं विसरलास?"

तो एक एक पायरी सावकाश उतरत होता. खाली पोचला. मग रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाला,

"उद्या किल्ल्या विसरणार आहे."