विहीणबाईंसाठी चिनी अक्षरं

गेल्या रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आले आणि साडीही न बदलता कॉम्प्युटरसमोर बसले. नंदाखालच्या आमच्या घरात त्या दिवशी जेवण फार उशिरा झालं, कारण मी चिनी अक्षरं निवडत होते...

त्याचं असं झालं... आमचा ॲलन सिंगापूरला नोकरीला आहे. येत्या जानेवारीत त्याचं लग्न, आपल्याच चर्चमध्ये. मुलगी तैवानची, यीचेन. हसरी आहे, मला मम्मी म्हणते.

तिला वडील नाहीत, फक्त आई. आणि आईने कळवलं, मी काही येत नाही. सगळं मराठीत, मला तर इंग्रजीही येत नाही, पुतळ्यासारखी बसून काय करू... त्यापेक्षा फोनवर बघेन.

हे ऐकलं आणि मला माझी आई आठवली. कॉन्व्हेंटच्या बक्षीस समारंभाला ती लाल लुगडं नेसून यायची. सगळा कार्यक्रम इंग्रजीत... शेजारच्या बायांनी कार्यक्रमपत्रिकेचं पान उलटलं की तीही उलटायची. स्टेजवरून मला ते दिसायचं.

एकुलत्या एका लेकीच्या लग्नात कुठल्याही आईने असं बसू नये, असं मनात आलं.

आमच्याकडे लग्नाच्या मिस्साची पुस्तिका छापतात... प्रार्थना, वाचनं, गाणी. नात्यातल्या कितीतरी लग्नांच्या पुस्तिका मीच टाइप केल्या आहेत. ठरवलं, या वेळी डाव्या पानावर मराठी आणि उजव्या पानावर चिनी. चिनी मजकूर यीचेन पाठवणार, मांडणी माझी.

"मराठीतला रफार जागेवर बसला नाही तर घर डोक्यावर घेतेस. आता चिनी?" आमचे मिस्टर केळीच्या बागेतून येता येता म्हणाले. व्हिडिओ कॉलवरून ॲलनने त्यांची री ओढली. "मम्मा, चायनीज म्हणजे नाक्यावरची चायनीज भेळ नाही हां."

मी लक्ष दिलं नाही. सेटिंगमध्ये गेले तर चिनीचेच बरेच प्रकार... मी आपला पहिला घेतला, त्याचे जादा फॉन्ट उतरवले, मजकूर त्यात टाकला. तर मधेमधे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन.

मग यीचेनने समजावलं. चीनमध्ये अक्षरं सोपी केली आहेत, तैवानमध्ये अजून जुनी भरगच्च अक्षरंच चालतात. माझ्या फॉन्टमध्ये ती नव्हतीच. मग तैवानचे फॉन्ट शोधून उतरवले... चौकोन गेले, पानं भरली. इतका आनंद झाला की काय सांगू.

त्यातला एक फॉन्ट वर्तमानपत्रासारखा होता, एक मोबाइलसारखा, सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या. आणि एक मात्र हाताने लिहिल्यासारखा... रेघ जाड सुरू होते आणि टोकाला निमुळती होत जाते. शाळेत सिस्टर आमच्याकडून निबच्या पेनाने गिरवून घ्यायच्या, अगदी तसा. मी सगळी पुस्तिका त्यातच लावली.

पहिल्या पानावर एक ओळ मात्र मला स्वतः टाइप करायची होती, विहीणबाईंसाठी. टाइप करायची सॉफ्टवेअरही तऱ्हेतऱ्हेची. एकात तैवानच्या खास खुणा लागतात, एकात अक्षराचे तुकडे ओळखावे लागतात. मी घेतलं ते सोपं... इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, की चिनी अक्षरांची रांग येते, त्यातून हवं ते निवडायचं.

पण त्यांना म्हणायचं काय? कॉन्व्हेंटने इतकं इंग्रजी शिकवलं, पण विहिणीला शब्द काही दिला नाही. यीचेनला घोळवून घोळवून समजावलं, तर ती सहज म्हणाली, "मम्मी, आमच्याकडे आहे ना शब्द. छिंगच्यामू. दोन्हीकडच्या आया एकमेकींना असंच म्हणतात."

मी उठून बागेत गेले आणि मिस्टरांना हे सांगून आले. मग टाइप करायला बसले. माझं बोट भलत्याच अक्षरावर जायचं आणि यीचेन कॉलवरून, "पुढचं, मम्मी, त्याच्या पुढचं..." शेवटी ओळ झाली. 'छिंगच्यामू, या. आम्ही वाट बघतोय.'

पुस्तिका पाठवली. यीचेनला हसू आवरेना. "मम्मी, आमच्याकडे सरकारी कागद या अक्षरात असतात. लग्नाची नोटीस काढलीय असं वाटतंय."

मी जरा हिरमुसलेच. ती म्हणाली, मोबाइलसारखा लावू, छान दिसेल. मी म्हटलं, लाव बाई... पण दोन्ही पुस्तिका आईलाच दाखव.

संध्याकाळी सगळे कॉलवर. विहीणबाईंनी चष्मा लावला. छान दिसणारी पुस्तिका चाळली आणि सोडून दिली. माझी उघडली आणि चक्क मोठ्याने वाचायला लागल्या, सावकाश, पानामागून पान...

मग त्या काहीतरी बोलल्या. यीचेनने सांगितलं, "आई म्हणते, तिची शाळेची पुस्तकं याच अक्षरात होती. हेच ठेवा."

पुन्हा पहिल्या पानावर जाऊन त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि कुणी लिहिलं म्हणून विचारलं. यीचेनने माझं नाव सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छिंगच्यामू..." त्यानंतरच्या लांबलचक बोलण्यातला एक शब्दही मला कळला नाही.

यीचेन डोळे पुसत हसत होती. "आई विचारतेय, जानेवारीत तिकडे थंडी किती असते? स्वेटर कुठला आणू?"

खरं तर दोन्हीकडच्यांनी चर्चमध्ये वेगवेगळ्या बाजूंना बसायचं असतं. पण मी फादरना विचारून ठेवलंय... आम्ही दोघी एकाच बाकावर बसू, मध्ये एकच पुस्तिका उघडी धरून. माझं पान डावं, त्यांचं उजवं. देवाचे आभार, की या वयात मला अशी विहीण मिळाली.