ओनोफ्रेचा डावा कान

केयोनच्या बंदरात घाईनं वर आलेल्या पाणबुड्याचे आधी पाय बघतात, कारण पाण्याचा दाब एकदम उतरला की पाय लुळे पडतात. पाय हलले म्हणजे माणूस वाचला, असा तिथला हिशेब. ओनोफ्रे ग्वेंतेओ त्या दिवशी खोल पाण्यातून भरभर वर आला, होडीत आडवा झाला आणि भडाभडा ओकला. होडीतून त्याची हवेची नळी सांभाळणाऱ्या सिरिलोनं त्याच्या पोटऱ्यांना चिमटे काढले. पाय ठणठणीत होते.

"कोंपाद्रे, दोस्ता, पाय शाबूत आहेत तुझे! कालची वाईन उतरली नाही अजून," सिरिलो हसला आणि त्यानं बोट लागण्यावरची गोळी दिली.

वीस वर्षं समुद्राच्या तळाशी एरिसो नावाचे काटेरी समुद्री जीव वेचणारा ओनोफ्रे मग घरातल्या घरात भिंत धरून चालू लागला. मान वळवली की चूल फिरायची, बायको नेल्दा फिरायची. गोळ्या चालूच राहिल्या. "दारुड्यासारखा चालतोस, लोक मला नावं ठेवतात," नेल्दा चिडायची आणि स्वतःच त्याला बखोटीला धरून अंगणात न्यायची.

शेवटी पुएर्तो मोंतच्या इस्पितळात त्याच्या डोळ्यांची तपासणी झाली. कानातला तोल बिघडला की डोळे आपोआप थरथरतात, ते कॅमेरा टिपतो. पण येताना फेरीबोटीत ओनोफ्रेनं दोन गोळ्या गिळल्या होत्या. पडद्यावर दोन्ही कानांच्या रेघा मरगळलेल्या आल्या.

"गोळ्यांमुळे काही कळत नाहीये, डॉन ओनोफ्रे. बंद करा आणि परत या," तपासनीस इसोल्दा म्हणाली.

त्या एका वाक्यावर घर महिनाभर जगलं. दोष गोळ्यांचा आहे, कानाचा नाही! नेल्दानं त्याचा रबरी पोशाख धुऊन वाळत घातला.

दुसऱ्या खेपेला तो गोळीविना आला, वाटभर ओकत. इसोल्दानं त्याला आडवं करून आत कॅमेरा असलेला काळा चष्मा चढवला. आत मिट्ट काळोख, आणि त्यात डोळे उघडे ठेवायचे. तिनं उजव्या कानात गार पाणी सोडलं.

"बोलत राहा. मन जागं हवं. कुठे कुठे बुडी मारलीत, नावं सांगा."

"काइलीन... लाइतेक..." इतक्यात खाट गरगरा फिरू लागली. त्यानं कडा घट्ट पकडल्या. "फिरतंय, बाई!"

"छान! फिरायलाच हवं. हा कान उत्तम आहे."

ज्या चक्करीला त्यानं इतके महिने शिव्या घातल्या, तिचं आज कौतुक होत होतं. खाट थांबेपर्यंत दोघं थांबली. मग डाव्या कानात पाणी आलं.

"काइलीन, लाइतेक, कोल्दिता, सान पेद्रो..." तो चक्करीची वाट बघत राहिला. ये ना. आता येईल. नावं संपली, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. कानात गारवा होता, बाकी काही नव्हतं.

"फिरतंय," तो म्हणाला.

इसोल्दानं पडद्यावरची रेघ पुन्हा तपासली.

"शपथेवर सांगतो, फिरतंय!"

"डोळे स्थिर आहेत, डॉन ओनोफ्रे." तिनं पाणी आणखी गार करून पुन्हा सोडलं. तरीही तेच. "हा कान गेलाय. काळ्या पाण्यात वर कुठे, खाली कुठे, हे तुम्हाला कळणार नाही. डॉक्टर आता बुडी मारू देणार नाहीत."

"पहिल्याच दिवशी आलो असतो तर?"

"लगेच दाबाच्या टाकीत ठेवलं असतं, कान वाचला असता... कदाचित," ती हळूच म्हणाली.

सोबत आलेला सिरिलो बाहेर बाकावर बसला होता. ओनोफ्रेचा चेहरा बघून तो उठला आणि त्याला दंडाला धरून धक्क्याकडे निघाला. फेरीबोटीत ओनोफ्रे म्हणाला, "मी होडीत बसून नळी सांभाळीन. पाण्यात तू उतर."

"हो की," सिरिलो म्हणाला.

बोट जराशी कलली. ओनोफ्रेनं कठडा सोडून बघितला, आणि तो डेकवर चारी हातापायांवर आला. लोक बघत होते. सिरिलोनं त्याला उठवलं, कोट झटकला, आणि यंदा बटाटे कसे आलेत ते सांगायला लागला. नळीचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. ओनोफ्रेनंही नाही.