कास्ककाका आणि जन्मदेशाचा रकाना

कास्ककाकांना मत मांडायचं असलं की ते उभे राहत. सभेत तर राहतच, पण आमच्या जेवणाच्या टेबलाशीही. आमटीत मीठ कमी आहे हे सांगायलासुद्धा हा सहा फुटी म्हातारा खुर्ची मागे सारून, कोटाचं बटण लावून उभा राही. माझी सात वर्षांची नेहा चमच्यानं ताटलीवर ठोका देई आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे म्हणे, "काका, यू हॅव द फ्लोअर." म्हणजे, आता बोलायची पाळी तुमची. मग ते बोलत.

ऐंशीच्या दशकात आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहत होतो. ते वरच्या मजल्यावर, एकटेच. मूळचे एस्टोनियाचे. दुसऱ्या महायुद्धात तो इवलासा देश सोव्हिएत रशियानं गिळला आणि हे तरुणपणी होडीतून निसटले. अमेरिकेतल्या एस्टोनियन निर्वासितांनी आपली एक प्रतिनिधी सभा निवडली होती. ती चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये भरे. तिथे कास्ककाका जुन्या वळणाच्या गटाचे. जुनी राज्यघटना जशीच्या तशी, झेंडा जसाच्या तसा, आणि सोव्हिएत व्हिसा घेऊन मायदेशी पाऊल टाकायचं नाही. "माझ्याच घरात शिरायला मी चोराची परवानगी मागू?" हे त्यांचं पालुपद. खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा आला होता.

एका हिवाळ्यात एस्टोनियाच्या राजधानीहून, टालिनहून, त्यांच्या धाकट्या बहिणीचं, लिंडाचं पत्र आलं. डॉक्टरांनी तिला उन्हाळ्यापर्यंतचीच आशा दिली होती. दोघांची चाळीस वर्षांत भेट नव्हती. आणि नेमका त्याच आठवड्यात सभेपुढे ठराव आला: ज्याला जायचं असेल त्याला व्हिसा घेऊन जाऊ द्यावं.

"आता तरी बाजूनं मत द्या," त्यांना सभेला नेताना मी म्हणालो.

हॉलमध्ये मी मागे बसलो. भाषा कळत नव्हती, पण त्यांनी खिशातून पत्र काढून सगळ्यांना दाखवलेलं दिसलं. शेजारच्या बाईंनी इंग्रजीत सांगितलं, "म्हणतायत, या ठरावात माझा स्वार्थ आहे, ते आधी ऐका. आणि तरीही मी विरोधात आहे." हात वर झाले, मोजले गेले. ठराव दोन मतांनी पास झाला. मी टाळी वाजवता वाजवता राहिलो.

"बहुमताचं ऐकायचं असतं," परतताना ते म्हणाले. "व्हिसाचा फॉर्म आणा."

आमच्याच टेबलावर त्यांनी तो सुबक अक्षरात भरला. जन्मदेश: एस्टोनिया. दहा दिवसांनी व्हिसा काढून देणाऱ्या एजंटानं तो परत पाठवला. सोबत कोरा फॉर्म आणि चिठ्ठी: सोव्हिएत युनियन लिहा, नाहीतर व्हिसा मिळणार नाही. त्यांनी नवा फॉर्म भरला, पण तेवढा रकाना रिकामा सोडला.

"अहो, दोनच शब्द आहेत! लिहून टाका म्हणावं त्यांना," बायको मला म्हणाली. "बहीण वाट बघतेय तिकडे. व्हिसा अप्रूव्ह झाला की फॉर्म कोण बघतंय?"

मी पेन उचललं. "मी लिहितो. तुम्ही फक्त सही करा."

"मिस्टर रानडे, मी जन्मलो तेव्हा तिथे माझा देश होता," ते म्हणाले. "लिंडाही त्याच देशात जन्मली. तो नव्हताच असं लिहून देऊन मी तिच्यासमोर उभा राहू?"

मी चिडलो. "मरणाऱ्या बाईला तुमच्या तत्त्वांचं काय करायचंय?" असं बोलून गेलो. ते फॉर्म घेऊन वर गेले. नंतर जिन्यात भेटले की मी रोज विचारी, "लिहिलंत?" ते नकारार्थी मान हलवत. बर्फ वितळलं, एप्रिल गेला.

मे महिन्यात तार आली. लिंडा गेली होती.

त्या रविवारी ते नेहमीसारखे जेवायला आले. दोन घास खाल्ले आणि खुर्ची मागे सारून उभे राहिले. कोटाचं बटण लावलं. नेहानं चमचा वाजवला. "काका, यू हॅव द फ्लोअर."

त्यांचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. नेहा गोंधळून माझ्याकडे बघू लागली. मला त्यांच्या तत्त्वांबद्दलचे माझे ते शब्द मागे घ्यायचे होते आणि ते बसून घेता येईनात. मीही खुर्ची मागे सारली आणि उभा राहिलो.