आमचे साडू आणि कंपनीचा आयकर

आयकर भरताना चेहरा फुललेला माणूस मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मी नांदेडला शाळेत भूगोल शिकवतो. माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापला जातो, त्यामुळे त्याची आणि माझी कधी समोरासमोर गाठ पडत नाही. साडूंचं तसं नाही. उदगीरला त्यांची डाळमिल आहे, आणि ती नुसती मिल नाही, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कुणी चुकून 'तुमची मिल' म्हणालं तर ते हातातलं काम थांबवून दुरुस्ती करतात. माझ्या लग्नात पाहुण्यांनी भांडी, घड्याळं, चादरी दिल्या. साडूंनी मला कंपनीचे दहा शेअर दिले आणि माझ्या हळदीच्या हातांनी मांडवातच सही करून घेतली. तेव्हापासून मी त्या कंपनीचा भागधारक आहे. त्याचा लाभ म्हणजे वर्षाकाठी सभेची एक नोटीस आणि तूरडाळीचं एक गाठोडं. ते गाठोडंही साडू स्वतःच्या खिशातून विकत घेऊन देतात, कारण नातेवाइकाला फुकट दिलेली डाळ कंपनीच्या खर्चात दाखवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

कायद्याच्या दृष्टीनं कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्ती असते, तिचा पॅन वेगळा, तिचा कर वेगळा, हे वाक्य तुम्हीआम्ही वाचतो आणि विसरतो. साडूंनी ते मनावर घेतलं. "मी वेगळा, कंपनी वेगळी," हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात की ऐकणारा इकडेतिकडे बघून ती कुठे बसली आहे का याचा अंदाज घेतो. "मग तिलाच सांगा की दोन भाकरी थापायला," असं अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकदा वैतागून म्हणाली होती. साडूंच्या ऑफिसात दोन चहा असतात. एक कंपनीचा, तो गिऱ्हाइकांसाठी. दुसरा घरून थर्मासात आणलेला, तो साडूंसाठी आणि त्यांच्या खासगी पाहुण्यांसाठी. दारात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न येतो, "माझ्याकडं आलात का कंपनीकडं?" मी एकदा सभेच्या नोटिशीची पोच आणि बायकोनं अक्कासाठी दिलेली साडी, अशी दोन्ही कामं घेऊन गेलो होतो. साडू क्षणभर अडचणीत आले. मग त्यांनी अर्धा कप या चहाचा आणि अर्धा कप त्या चहाचा, असा मिळून मला एक कप पाजला. चव बरी होती.

कंपनीला आगाऊ कर भरावा लागतो, हे मला साडूंमुळे कळलं. वर्ष संपायची वाट बघायची नाही. यंदा नफा किती होईल याचा आधीच अंदाज करायचा आणि त्या हिशोबानं चार हप्त्यांत कर भरत जायचा. अंदाज कमी पडला तर व्याज. त्यामुळे हप्त्याची तारीख जवळ आली की साडूंच्या अंगात ज्योतिषी संचारतो. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, जाऊन ते पोत्यापोत्यातली तूर दाताखाली फोडतात, आडत्यांच्या चेहऱ्यांकडे बघतात, आभाळाकडे बघतात आणि एका कागदावर आकडा लिहून खाली दोन रेघा मारतात. ही सवय पुढे घरात शिरली. एकदा सकाळी सकाळी अक्काच्या हातात त्यांनी गजरा ठेवला. तिनं विचारलं, आज काय आहे? साडू म्हणाले, "आज काय न्हाई. पर रात्री मला यायला उशीर हुईल आन् तू भांडशील, असा अंदाज हाय. म्हनून थोडं आधी भरून ठेवायलो. एकदम भरायचं म्हणलं तर व्याज लागतं." अक्का त्या रात्री भांडली नाही. तेव्हा साडू मला फोनवर म्हणाले की यंदा जास्तीचा भरणा झाला, परतावा मागावा लागेल.

खरी मौज मात्र करमोजणीची. साडू सांगतात त्याप्रमाणे, प्रत्येक कंपनीला दोन नफे असतात. एक तिच्या स्वतःच्या हिशोबातला आणि दुसरा आयकराला मान्य असलेला. पहिल्यापासून सुरुवात करायची आणि एकेक पायरी करत दुसऱ्यापर्यंत पोचायचं. कुठे दंड भरला असेल, तो खर्च आयकर मानत नाही, तो नफ्यात परत मिळवायचा. एकाच माणसाला एका दिवसात मोठी रक्कम रोखीनं दिली असेल, तीही मिळवायची. मग घसारा. यंत्र झिजतं, त्या झिजेला घसारा म्हणतात. पण कंपनीच्या हिशोबात ते एका चालीनं झिजतं आणि आयकराच्या हिशोबात दुसऱ्या. तेव्हा एक घसारा मिळवायचा, दुसरा वजा करायचा. आयकरानं यंत्र सुरुवातीला भरभर झिजवलं तर आज कर कमी येतो आणि पुढे जास्त. ते पुढचं ओझं आजच लिहून ठेवायचं, त्याला स्थगित कर म्हणतात. मी भूगोलाचा माणूस, मला यातलं निम्मं कळतं. पण हे सांगताना साडूंचा आवाज असा हळुवार होतो की न कळलेलं निम्मंसुद्धा ऐकावंसं वाटतं. घरातही त्यांनी 'मान्य' आणि 'अमान्य' असे दोनच शब्द ठेवले आहेत. भाचरांना आइस्क्रीम मान्य, त्यावर थंड पाणी अमान्य. माझा नवा चष्मा त्यांनी थोडा वेळ न्याहाळला आणि काच मान्य, फ्रेम अमान्य असा निकाल दिला.

या साडूंना एक थोरला भाऊ आहे. दोघांनी मिळूनच ही कंपनी उभी केली. दोघेच संचालक, थोरले अध्यक्ष. पुढे थोरल्यांच्या मनात आलं की मिल लातूरला एमआयडीसीत हलवावी; साडू म्हणाले उदगीर सोडायचं नाही. बोलणं वाढत गेलं आणि एका दुपारी मिलच्या आवारात, हमालांसमोर, दोघांनी एकमेकांना नको ते ऐकवलं. थोरल्यांनी बिऱ्हाड लातूरला हलवलं, तिथे वेगळा धंदा सुरू केला, आणि बोलणं बंद झालं ते बंदच. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसत. आईच्या दहाव्यालाही एकमेकांशी बोलले नाहीत. पण कंपनी दोघांची राहिली, आणि कंपनीच्या ताळेबंदावर दोघांच्या सह्या लागतात. त्यासाठी सभा लागते. म्हणून दर सप्टेंबरात थोरले लातूरहून उदगीरला यायचे आणि वर्षातून एकदा दोघे भाऊ एका टेबलाशी बसायचे. मला साक्षीदार म्हणून नांदेडहून बोलावलं जाई. भागधारक म्हणून, असं नोटिशीत असे. खरं म्हणजे दोघांच्या मध्ये कुणीतरी बसायला हवं होतं.

त्या सभा मी विसरणार नाही. पहिल्या काही मिनिटांत थोरले माझ्याकडे बघत म्हणायचे, "सर, यांना म्हणावं आकडा सांगा, मी सही करून निघतो." साडू माझ्याकडे बघत म्हणायचे, "सर, अध्यक्षांना सांगा, वाचून दाखवल्याबगर सही घेता येत न्हाई." आणि वाचन सुरू व्हायचं. आयकराच्या तरतुदीचा तक्ता, ओळ न् ओळ. प्रत्येक दंड, प्रत्येक रोख रक्कम, प्रत्येक यंत्राचा घसारा, ते यंत्र कुठून आणलं, कुठल्या पावसाळ्यात बिघडलं होतं, सगळं. थोरले घड्याळ बघत, सुस्कारे टाकत, छताकडे बघत. मीही मनातल्या मनात साडूंना बरंच काही म्हणायचो, कारण माझी परतीची गाडी चुकायची. मधूनच साडू नियमाप्रमाणे थेट विचारत, "अध्यक्षांना ही चाळणी आठवत असंल?" आणि थोरले नियमाप्रमाणे उत्तर देत, "नोंद घ्यावी." सभेच्या भाषेत बोललेलं बोलण्यात धरायचं नाही, असा बहुधा दोघांचा मनोमन करार होता. दोघांनीही तो पाळला.

वाचन संपेपर्यंत दुपार टळून गेलेली असे. उदगीरहून लातूरला उपाशीपोटी निघणं कुणालाच बरं दिसलं नसतं. मग मिलच्या मागच्या घरात पानं मांडली जात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी, आणि अक्का त्या दिवशी न चुकता हुग्गी करायची. गव्हाची ही खीर थोरल्यांना लहानपणापासून आवडते. जेवतानाही सभा चालूच असल्यासारखं बोलणं. "अध्यक्षांनी तूप घ्यावं." "नोंद घ्यावी, मीठ कमी हाय." अक्का पदर तोंडाला लावून आत जायची. हसायला जायची असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

कंपनीचे हिशोब बघणाऱ्या लातूरच्या जुन्या सीएंच्या जागी त्यांची मुलगी काम बघू लागली तेव्हा एक प्रसंग घडला. मॅडम हुशार आणि तरतरीत. हिशोब तपासताना त्यांनी विचारलं, "सभेच्या जेवणाचा खर्च कुठेच दिसत नाही. तो कंपनीचा खर्च आहे, धरता येतो. तेवढाच कर वाचेल." मला वाटलं, साडू खूश होतील. सुतळीच्या बंडलाची पावतीसुद्धा न सोडणारा हा माणूस. पण ते एकदम आखडले. "धरायचा न्हाई," ते म्हणाले.

"अहो, पण नियमात बसतं."

"बसत असंल. पर त्ये जेवन कंपनीनं घातलेलं न्हाई, मॅडम. मी घातलेलं हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. इतकी वर्षं मी त्या टेबलाशी बसत होतो आणि घसाऱ्याचं वाचन कशासाठी चाललंय हे मला त्या दिवशी कळलं. मला साडूंचा फार लोभ वाटला आणि स्वतःच्या चुकलेल्या गाड्यांचा राग गेला.

मॅडमचा दोष नाही, पण त्यांनीच पुढे सुचवलं की आता सह्या डिजिटल होतात, सभा व्हिडिओवर चालते, कुणी प्रवास करायची गरज नाही. थोरल्यांनी ते लगेच मान्य केलं. यंदाच्या सप्टेंबरात मी उदगीरला पोचलो तर थोरल्यांची खुर्ची रिकामी. त्यांचा ड्रायव्हर आला होता, हातात एक छोटं पाकीट. पाकिटात सहीचं टोकन, पेनड्राइव्हएवढं. निरोप असा की पायाला सूज आहे, डॉक्टरांनी हालचाल बंद सांगितली आहे, सही लावून घ्यावी. साडूंनी ते टोकन तळहातावर घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. स्वयंपाकघरातून हुग्गीचा वास येत होता. मॅडम म्हणाल्या, "मी त्यांना व्हिडिओवर घेते, दहा मिनिटांत होईल."

"दहा मिनिटांत?" साडू म्हणाले. त्यांना इतकं घाबरलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी टोकन पाकिटात परत घातलं आणि सगळे कागद गोळा केले. "अध्यक्षांचा पाय दुखत असंल तर सभा अध्यक्षांकडं न्यायची. चला."

अक्कानं हुग्गीचा डबा भरून दिला. आम्ही मॅडमच्या गाडीनं लातूरला निघालो. साडू डबा मांडीवर धरून बसले होते. इतक्या वर्षांत ते थोरल्यांच्या लातूरच्या घरात कधी गेले नव्हते, आणि दार उघडेल का, उघडलं तर बसा म्हणतील का, हे त्यांनाही माहीत नव्हतं. कसलाच अंदाज केला नाही त्यांनी, विचारलंही नाही मला.

दार वहिनींनी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोनं, उघडलं आणि साडूंना बघून त्या नुसत्याच बाजूला झाल्या. थोरले आतल्या खोलीत आरामखुर्चीत होते, पाय स्टुलावर. खूपच वाळले होते. त्यांनी साडूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, यांना विचारा, टोकन पोचलं न्हाई का?"

"सर, अध्यक्षांना सांगा," साडू म्हणाले, "वाचून दाखवल्याबगर सही घेता येत न्हाई."

थोरल्यांनी हातानंच समोरच्या खुर्चीकडे खूण केली. साडू बसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून सुरू झाले. कंपनीच्या हिशोबातला नफा. त्यात मिळवायचं काय, वजा करायचं काय. थोरले ऐकत होते, एकदोनदा मान हलवली. यंत्रांच्या घसाऱ्याशी आलो तेव्हा त्यांची मान हळूच एका बाजूला कलली आणि त्यांना झोप लागली. तोंड किंचित उघडं, हात पोटावर. साडूंच्या ते लक्षात आलं. त्यांनी आवाज खाली आणला, पण वाचायचं थांबवलं नाही. पान उलटताना कागद वाजणार नाही याची काळजी घेत होते. मी वाकून हळूच म्हटलं, "झोपलेत ते. थांबा आता."

साडूंनी मान न उचलता सांगितलं, "थांबलो तर जागे हुतील, सर. आन् जागे झाले की सही करतील."

मॅडमनी हळूच लॅपटॉप मिटला. बाहेर वहिनींनी ताटं मांडल्याचा आवाज आला. तक्ता शेवटच्या ओळीला आला, कराची रक्कम वाचून झाली, आता पुढे काही उरलं नव्हतं. साडूंनी झोपलेल्या भावाच्या चेहऱ्याकडे एकवार पाहिलं, कागद नीट जुळवले आणि पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.