ज्वारीची बिअर, सोमवारपर्यंत

गावात पिणाऱ्याला कुणी हसत नाही. पण गिलास आधी उजेडात धरायचा, मग त्यात नाक घालून डोळे मिटायचे आणि घोटभर घेऊन पाच मिनिटं गप्प बसायचं, अशा माणसाला शिरूर कासारच्या बाजूला हसणार नाहीत तर काय करतील? बद्रीनाथला सगळे हसायचे. तोही हसायचा, आणि गिलास पुन्हा नाकाशी न्यायचा.

नाक मात्र खरं होतं. सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, मळी आंबवायच्या टाक्यांवर त्यानं सतरा वर्षं काढली. झाकण उघडलं की नुसत्या वासावरून सांगायचा, ही टाकी चाललीय, ही बिघडणार. साहेब लोक नंतर प्रयोगशाळेतून तेच सांगायचे, फक्त इंग्रजीत. मग लागोपाठ पावसानं दगा दिला, शिवारात उसाचं टिपरू राहिलं नाही, कारखाना बंद पडला आणि बद्रीनाथ पुण्याला गेला. बाणेरला एक हॉटेल होतं, तिथं बिअर जागेवरच बनवून विकायचे. त्याला टाक्या धुवायचं काम मिळालं.

तिथली बिअर बनवायची शिवकन्या. परळीकडची मुलगी, परभणीला शिकलेली. पहिल्याच आठवड्यात या टाकी धुणाऱ्यानं तिला सांगितलं, "ताई, तीन नंबरची आज संध्याकाळी आंबट पडंल." ती पडली. तेव्हापासून नवी बिअर तयार झाली की पहिला गिलास काकांच्या हातात. इतकंच नव्हे, तर शहरात दुसरीकडे कुठं काही बरं निघालं की ती त्यालाही घेऊन जायची.

सणाला गावी आला की बद्रीनाथ पारावर बसून हे सगळं सांगे. बाटलीतली बिअर म्हणजे गार पाणी, फेस तेवढा फुकट. खरी शोधून प्यावी. गव्हाची घ्यावी ती गढूळ, तिला पिकल्या केळाचा वास आणि मागून लवंग. काळी घ्यावी थंडीत, तिच्यात तव्यावर जराशी करपलेली भाकरी असते. एक कडू असते, पहिला घोट कारल्याचा, पण धीर धरावा, तिसऱ्या घोटाला संत्र्याची साल लागते. आणि कोरेगाव पार्कात एका बोळात चिंचेची मिळते, तिच्यासाठी माणसानं पायी जावं.

"केळ खायचं तर केळ खा की बे," सिदू म्हणायचा. "त्याला पुण्याला कावून जातूस?"

सिदू हा त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, शेळ्या राखणारा. गावात एवढ्या मनापासून ऐकणारा दुसरा कुणी नव्हता.

बद्रीनाथच्या डोक्यात किडा शिरला तो असाच सांगता सांगता. गव्हाची आहे, तांदळाची आहे, मग आपल्या ज्वारीची का नाही? त्यानं शिवकन्याला विचारलं. ती म्हणाली, "माल्ट कुठंय काका? म्हणजे मोड आणून वाळवलेली ज्वारी. पन्नास किलो आणा. पुढच्या सोमवारी एक टाकी रिकामी होतेय. सकाळपर्यंत आलं तर ज्वारीची, नाही तर मालक तांदूळ टाकायला लावतील. आणि चांगली झाली तर हॉटेलच्या फळ्यावर तुमच्या गावाचं नाव लिहीन."

त्या रात्रीच्या एसटीनं तो गावी निघाला.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात पन्नास किलो ज्वारी म्हणजे घरची दीड-दोन महिन्यांची भाकरी होती. बायनाबाईनं कणगीतून ती स्वतः मापून दिली. "सतरा वर्सं दुसऱ्याचं आंबवलं तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "एकदा आपलं आंबवून बघा. पर भाकर हाय ती, येवढं ध्यानात ठिवा."

हातात आठवडा होता. सोमवारी टँकर आला. बद्रीनाथनं वाट्याचं पाणी घेतलं आणि ज्वारी भिजत घातली. मंगळवारी ती पत्र्याच्या खोलीत पसरली. काम काही अवघड नव्हतं. पातळ थर ठेवायचा, दिवसातून दोनदा पाणी शिंपडायचं, हातानं खालीवर करायचं. शुक्रवारपर्यंत मोड, मग दोन दिवस माळवदाच्या छतावर कडक ऊन, मोड चोळून झाडून टाकायचे आणि रविवारी पुण्याची गाडी. बुधवारी पहाटे दाण्यांना पांढरी टोकं फुटली आणि खोलीभर ताज्या काकडीचा वास सुटला. बद्रीनाथ उंबऱ्यात बसून नुसता श्वास घेत राहिला. इतका आनंद त्याला गव्हाच्या बिअरनंही दिला नव्हता.

बुधवारी टँकर आला नाही. भरायच्या ठिकाणची मोटार जळाली होती. गुरुवारीही नाही. घरात पिण्यापुरत्या दोन घागरी. बायनाबाईनं आपणहून त्यातली एक बद्रीनाथपुढं सरकवली. ती त्यानं थेंब थेंब करून शिंपडली. मग ओल टिकावी म्हणून गावात मटकीला मोड आणताना बायका करतात तेच केलं. सगळी ज्वारी एका ठिकाणी ढीग केली आणि वर ओली पोती घातली.

हे चुकतंय हे त्याला कळत होतं. मोड येणारं धान्य आतून तापतं. कारखान्यात टाकी गार ठेवायला तिच्याभोवती पाणी खेळवायचे. पण पाणी असतं तर ढीग कशाला केला असता? शुक्रवारी त्यानं ढिगात हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला. काकडीचा वास गेला होता. त्याच्या नाकाला जे कळायचं ते कळलं. शनिवारी दाण्यांवर काळी बुरशी धरली होती.

रविवारी सकाळी तो परसात खड्डा खणत असताना फोन आला. "काका, निघालात का? टाकी कालच रिकामी झाली, धुऊन ठेवलीय."

"तांदूळ टाक, ताई," बद्रीनाथ म्हणाला. ती काय झालं, काय झालं विचारत होती. सांगायचं काय? त्यानं फोन बंद केला.

पोती ओढत आणून त्यानं ज्वारी खड्ड्यात ओतली, तोवर शेळ्या घेऊन सिदू आला. शेळ्यांच्या नुसत्या फासळ्या उरल्या होत्या. चारा छावणीत गुरंढोरं घेत होते, शेळ्या नाही. कोवळे मोड बघून त्या कुंपणातूनच घुसल्या.

"गाडतूस व्हय?" सिदूनं विचारलं. "बद्री, माझ्या शेळ्यांनी धा दिसात हिरवं बघितलं न्हाई."

"किराळ लागंल, सिदू. तुला काय मी सांगावं?"

ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं, वाळल्यावर मोड झाडून टाकायचे ते त्यासाठीच; जनावर ते खाऊन तासाभरात आडवं होतं, त्यालाच किराळ लागणं म्हणतात. शेळ्या राखून केस पांढरे केलेल्या सिदूला हे ठाऊक नव्हतं थोडंच! वर ती बुरशी. त्यानं खड्ड्यात बघितलं, मग शेळ्यांकडं.

"तशाबी मरणारच हायत," तो म्हणाला. "पोट भरून तरी मरतील."

 बद्रीनाथनं खाली मान घालून खोऱ्यानं माती ओढायला सुरुवात केली. एक पांढरी शेळी गुडघे टेकून खड्ड्यात तोंड घालायला लागली, तशी त्यानं खोऱ्याचा दांडा तिच्या पाठीत घातला. आयुष्यात कधी जनावरावर हात न टाकलेला माणूस, दांडा घातल्यावर त्याला पुढं माती काही ओढवेना.

तेव्हा सिदू पुढं आला. त्यानं बद्रीनाथच्या हातून खोरं घेतलं आणि आपणच माती लोटायला लागला. लोटता लोटता तो रडत होता. शेळ्या मात्र काठावरून हलल्या नाहीत, माती तोंडावर पडत होती तरी.